नोंद: ड्रोनची लहर भात्याबरोबर पळतेय (इलन पाइप्स, म्हणजे कोपराने भाता दाबून वाजवायची आयरिश बॅगपाइप; भयपटाचा ट्रॅक)

भीतीसाठी बेसुरेपणा हवा, पण मोजून मापून हवा, असं मागच्या नोंदीत ठरलं होतं. टेनर ड्रोन (सतत एकच स्वर धरणारी नळी; डी, साधारण २९४ हर्ट्‌झ) एक सप्तक खालच्या बॅरिटोन ड्रोनशी जुळणाऱ्या स्वरापेक्षा किंचित उतरवायचा, की दोघांच्या भांडणातून संथ लहर, म्हणजे आवाजाची चढउतार, उठते. इथवर छान जमलंय. टेनरची सरकनळी १ मिमी बाहेर ओढली की स्वर सुमारे ६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो आणि सेकंदाला एक लहर मिळते. २ मिमीला दोन. तानपुऱ्यावर कान तयार असेल तर ट्यूनरही नको.

घोडं अडलंय ते भात्यापाशी. उजव्या कोपराने भाता दाबला की पिशवीतला दाब क्षणभर चढतो आणि लहर एकाची दोन होते, मग पुन्हा मंदावते. संथ दहशत हवी तिथे धाप लागल्यासारखं ऐकू येतं. कारण सरळ आहे: दोन्ही ड्रोनच्या रीडच्या (हवेने थरथरून आवाज काढणाऱ्या पत्तीच्या) जिभा सारख्या ताठ नाहीत, त्यामुळे वाढत्या दाबाला एक जास्त हलते, दुसरी कमी.

तपासायची रीत अशी. चँटर (बोटांनी सूर वाजवायची नळी) मांडीवर टेकवून बंद करा. एका ड्रोनच्या तोंडावर क्षणभर बोट ठेवलं की तो गप्प होतो. मग दुसऱ्यावर दाब हळूहळू चढवत ट्यूनर पाहा. दोन्ही ड्रोन सारख्याच दिशेने, सारखेच सरकायला हवेत. जो जास्त पळतो त्याच्या रीडवरची दोऱ्याची गुंडाळी जिभेच्या मोकळ्या टोकाकडे केसभर सरकवा. जीभ आखूड आणि ताठ होते, स्वर चढतो, तो सरकनळीने परत उतरवायचा. गुंडाळी नखाने ढकलावी, चिमट्याने जीभ चिरते. फार पुढे नेली तर रीड मिटते आणि ड्रोन बोलतच नाही.

कार्बन फायबरच्या जिभेची तयार रीड हवा बदलली तरी ढळत नाही, म्हणून लोक तीच सुचवतात. लग्नसमारंभात वाजवायला ठीक. या कामाला बोरूची (केनची) रीडच बरी, तिच्यात खरखर आहे.

तोवरचा तोडगा: बास ड्रोन (सगळ्यात खालच्या स्वराचा) बंद, पिशवी गच्च भरायची, भाता थांबवायचा आणि फक्त पिशवीवरच्या डाव्या कोपराच्या दाबावर रेकॉर्ड करायचं. तुकडा पूर्ण लहरींचाच कापा आणि जोड लहरीच्या तळाशी, आवाज सगळ्यात क्षीण असतो तिथे घाला. सांधा कळत नाही.

बाउरॉनचं (हातात धरायचा आयरिश डफ) मात्र पहिल्याच दिवशी जमलं. टिपर (वाजवायची काठी) बाजूला ठेवून ओला अंगठा कातड्यावर रेटत ओढला की कण्हण्याचा आवाज येतो, आणि आतल्या हाताने दाब वाढवला की तो वर चढतो. पाणी बेताने, बकऱ्याचं कातडं लगेच सैल पडतं.

आणि हे लिहिताना सुचलं: लहर हवीच कशाला? टेनर रेग्युलेटरचा (चाव्या दाबून साथीचे स्वर काढायची नळी) एफ शार्प आणि बॅरिटोन रेग्युलेटरचा जी एकदम उघडले तर अंतर २२ हर्ट्‌झ, म्हणजे नुसती करकर, आणि दाब थोडा हलला तरी बिघडत नाही. बहुतेक सेटवर या दोन चाव्या एका ओळीत नसतात, तेव्हा उजवा हात चँटरवरून काढून तिरका दाबावा लागेल. ड्रोनची गुंडाळी आता तशीच ठेवतोय. आधी रेग्युलेटरच्या रीड उघडून पाहतो.