मृग ते चवथ: यंदाच्या पावसाळ्यातलं वाचन

गेल्या वर्षी नुसत्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून तलवारींचा वीट आला होता. म्हणून यंदा मृगापासूनच ठरवलं की एका प्रकारात अडकायचं नाही. प्रवासवर्णन, कादंबरी, पुराण, भयकथा, विज्ञानकथा, सगळं मिसळून घेतलं. बहुतेक पुस्तकं पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातली, काही घरच्या कपाटातली, वाळवीच्या आधी माझ्या हाती लागलेली.

पहिला नंबर बिनविरोध गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चा. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरावरचं कर्ज फिटावं म्हणून उत्तरेत निघतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, एवढाच हिशेब. आणि जाऊन पोचतो १८५७च्या ऐन धुमाळीत. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हे गृहस्थ शहराच्या आत! पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी आठवणी लिहिल्या, त्या छापून आल्या १९०७ साली. आपण इतिहास बघतोय असा आव भटजी कुठेही आणत नाहीत. दक्षिणा काय पडली, जेवणाची सोय कशी झाली, यातही त्यांचं तितकंच लक्ष असतं, आणि म्हणूनच झाशीची कत्तल वाचताना अंगावर येते. गेल्या वर्षीच्या कादंबऱ्यांतली माणसं चोवीस तास इतिहासातच वावरायची, त्यांना कधी भूकच लागायची नाही.

मग हीच कसोटी पुढच्या पुस्तकांना लावत गेले. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) तिला सहज उतरली. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, आणि त्यांतल्या हॅर्टाचं चक्रधरशी जुळलेलं नातं. महायुद्ध दाराशी येऊन ठेपलंय, पण बेडेकर त्यावर भाषण ठोकत नाहीत. ते सिनेमावाले, प्रसंग कुठे तोडायचा हे त्यांना नेमकं ठाऊक. एका बैठकीत संपते. अजून वाचली नसेल तर प्रस्तावना मागाहून वाचा, प्रस्तावनाकारांना शेवट सांगून टाकायची फार घाई असते.

'क्रिस्तपुराणा'पुढे मात्र माझी कसोटी लटकी पडली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रसारक) १५७९ साली गोव्यात आला, आणि त्याचं हे पुराण १६१६ साली गोव्यातल्याच सासष्टी तालुक्यात राशोलला रोमी लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. मराठीच्या थोरवीची ती एक ओवी शाळेत सगळ्यांनी घोकलेली, तिच्यापुढे जातं कोण? मी निवडक भाग मोठ्याने वाचले. हे पुस्तक मनातल्या मनात वाचूच नये. माणसं बायबलातली, पण चाल थेट आपल्या देवळातल्या पुराणिकाची. पहिल्यांदा गंमत वाटते. मग आठवतं की याच सासष्टीतली देवळं १५६७च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडली, आणि आमचे देव रातोरात नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला गेले ते याच पर्वात. जुनी पुराणं सुटलेल्या नवख्रिस्तींना नवं पुराण द्यावं म्हणून हा ग्रंथ रचला गेला. ओवी अस्सल आहे, तिची गोडी नाकारता येत नाही, आणि तिच्यामागे काय घडलं होतं तेही विसरता येत नाही. मी या पुस्तकाशी अजून भांडतेच आहे.

नारायण धारपांची 'लुचाई' एका रात्रीत उडवली. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे हे माहीत असूनही पहिला अर्धा भाग चांगलाच टरकवतो, कारण तिथे गाव गावासारखं वागतं. पुढे धावपळ वाढते आणि भीती ओसरते. त्यात दिवे गेलेले, म्हणून दोन गुण जास्त दिले असतील.

जयंत विष्णू नारळीकर गेल्यावर 'यक्षांची देणगी' पुन्हा काढायचं मनात होतं, ते आता झालं. आपली पहिली विज्ञानकथा त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने स्पर्धेला पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. त्यांची पात्रं मला आजही एकसारखीच वाटतात, सगळी शहाणी आणि नीट बोलणारी. पण कल्पना अजून ताजी आहे, आणि वैज्ञानिक म्हणून ते वाचकाला कुठे फसवत नाहीत.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' अजून चालू आहे. ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, असा चैत्रापासूनचा नेम. भाद्रपदाचा वाचला तो गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं बांधून झाल्यावर. त्यांच्या चैत्रात काजूची बोंडं आणि हुर्राकच्या (काजूच्या दारूच्या) भट्टीचा वास नाही, ही आमची गोंयकारी तक्रार. बाकी झाडांकडे इतकं टक लावून मराठीत फार थोड्यांनी पाहिलंय.

आता दामोदर मावजोंची 'कार्मेलिन' घेतली आहे, कुवेतला कामाला गेलेल्या गोव्यातल्या बाईची. कोंकणीतूनच वाचतेय, वेग कमी आहे. मराठीत आखाती नोकरीवर कोणी असं सविस्तर लिहिलं असेल तर नावं सुचवा, कादंबरी नसली तरी चालेल.