माझी ठेवली, भाऊजींची काढली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे तुम्ही पहिले नाही. माझी सगळी नोकरी मिरजेत गेली, आधी सर्जिकल वॉर्डात, मग ऑपरेशन थिएटरमध्ये. निवृत्त होऊनही गल्लीत मी 'सिस्टर'च आहे, आणि कुणाच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले की तो रिपोर्ट फिरत फिरत माझ्या ओट्यावर येतो. काढायची का पिशवी, एवढंच विचारायचं असतं. ज्यांना आमच्या घरातलं ठाऊक आहे ते जरा तिरकस विचारतात. "तुमच्याही पिशवीत खडा आहे म्हणे. तुम्ही ती तशीच ठेवलीत आणि दिराच्या मागे लागून त्यांची मात्र काढायला लावलीत. हे कसं काय?"

माझा खडा एकुलता एक आहे आणि तो सापडला दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत. आजवर त्याने मला काही केलेलं नाही. भाऊजींचे खडे बारीक, पुष्कळ, आणि त्यांनी भाऊजींना मध्यरात्री अंथरुणातून उठवून भिंतीला टेकून बसवलं होतं. दोघांच्या रिपोर्टवरचं निदान एकच. पण खडे आहेत एवढ्यावर पिशवी काढायची नसते. ते दुखतात का, कसे दुखतात, त्यांनी आणखी काही उपद्व्याप केलाय का, हे बघायचं असतं. म्हणून कुणी रिपोर्ट पुढे केला की तो मी जरा बाजूला ठेवते आणि विचारते, "काय होतं तुम्हाला?"

इथेच निम्मी माणसं अडखळतात. "गॅस होतो." "करपट ढेकर येतात." "सकाळी उठल्यावर तोंड कडू." "जेवलं की पोट तट्ट." यातलं काहीही खड्यांमुळे होत असेलच असं नाही, बहुतेक वेळा ते जठरातल्या आम्लाचं, बद्धकोष्ठाचं, अवेळी जेवणाचं असतं. खड्यांचं दुखणं निराळं. ते वरच्या पोटात मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली उठतं, चढत जातं, मग तिथेच ठाण मांडतं. अर्धा तास, दोन तास, कधी चार-पाच तास. उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातं. उलटी होते, पण उलटी होऊन बरं वाटत नाही. कूस बदला, फेऱ्या मारा, शेक घ्या, काही उपयोग होत नाही. आणि मग जसं आलं तसं ओसरतं, दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. पुष्कळदा आदल्या रात्री तेलकट, तुपकट जेवण झालेलं असतं. ज्याला हे एकदा झालंय तो ते विसरत नाही. ज्याला "झालं असेल कदाचित" असं वाटतं, त्याला बहुधा झालेलं नसतं.

भाऊजींचं अगदी असंच. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची अडत आहे, हळदीचा हंगाम आणि लग्नसराई एकाच वेळी येते, रोज कुठे ना कुठे पंगत. पहिल्यांदा दुखलं तेव्हा ॲसिडिटीचं औषध प्यायले. दुसऱ्यांदा छातीचंच असेल म्हणून रात्री ईसीजी काढला, तो चांगला आला. मग सोनोग्राफी, आणि पिशवीत रेतीसारखे खडे. त्यावर त्यांचं म्हणणं, "वहिनी, दुखतं तेव्हाच दुखतं, एरवी मी मस्त आहे. हंगाम झाल्यावर बघू."

मी मागे का लागले, तर खडे बारीक होते म्हणून. लोकांना वाटतं, मोठा खडा म्हणजे मोठा धोका. बऱ्याचदा उलटं असतं. मोठा खडा पिशवीतच पडून राहतो. बारीक खडा पिशवीच्या नळीतून निसटून मुख्य पित्तनलिकेत उतरू शकतो. तिथे अडकला तर कावीळ होते, आणि शेवटच्या टोकाशी, जिथे स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते, तिथे अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते. ती सूज आलेले पेशंट मी वॉर्डात सांभाळलेत. बरेचसे काही दिवसांत सुधारतात. काही अतिदक्षता विभागात जातात, आणि त्यातले सगळे परत येत नाहीत. तीव्र कळ एकदा येऊन गेलेल्या माणसाला ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. त्यात भाऊजींचे खडे असे. मी त्यांना हेच सांगितलं, "भाऊजी, हंगाम होऊ दे, पण त्यानंतरची तारीख आत्ता घ्या."

तारीख घेतली आणि मधल्या काळात त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून खडे पाडायचा म्हणून सफरचंदाचा रस, ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा एक घरगुती प्रयोग केला. सकाळी काचेच्या बरणीत हिरवट मऊ गोळे घेऊन हजर. "बघा वहिनी, पडले सगळे!" ते खडे नव्हते. इतकं तेल आणि लिंबाचा रस पोटात गेल्यावर आतड्यातच साबणासारखे गोळे तयार होतात. परदेशात अशा गोळ्यांची रासायनिक तपासणी करून बघितलेली आहे, त्यांत खड्याचा अंश नव्हता. मी त्यांना पुन्हा सोनोग्राफी करायला लावली. खडे होते तिथेच.

कुळथाचं कढणही लोक पितात. मुतखड्याला ते आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या देतात. मुतखडा लघवीच्या वाटेवर असतो आणि पुष्कळदा भरपूर पाण्याबरोबर उतरून जातो. पित्ताशय त्या वाटेवर नाहीच. इथला खडा पडलाच तर पित्तनलिकेत पडणार, आणि तेच तर आपल्याला नको आहे. खडा विरघळवायच्या गोळ्या मात्र खऱ्या आहेत, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या. पण त्या चालतात फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या, चुना, म्हणजे कॅल्शियम, न धरलेल्या खड्यांवर, आणि पिशवी नीट काम करत असेल तरच. महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांना खडे पुन्हा होतात.

"मग नुसते खडे काढा की, पिशवी कशाला?" हेही हमखास येतं. ते करून झालेलं आहे, फार पूर्वी. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख या सर्जनने १८८२ मध्ये पहिल्यांदा अख्खी पिशवीच काढली, ती याच विचाराने की खडे ही पिशवीच बनवते, ती ठेवली तर पुन्हा बनवणार. पिशवीशिवाय जगता येतं, कारण पित्त ती तयार करत नाही. पित्त बनवतं यकृत, दिवसाला अर्धा लिटरहून जास्त. पिशवीत त्यातलं चार-पाच मोठे चमचे मावतं, तिथे ते आटून घट्ट होतं आणि जेवणाच्या वेळी आतड्यात सोडलं जातं. पिशवी गेली की पित्त थेट आतड्यात थेंबथेंब येत राहतं. थोड्याजणांना त्यामुळे काही आठवडे पातळ शौचाला होतं, क्वचित कुणाला ते लांबतं. भाऊजींना महिनाभर झालं. आता तूप-पोळी, भजी, सगळं चालू आहे. माझ्या मते जरा जास्तच चालू आहे.

आता माझ्या खड्याचं. बिनत्रासाचे खडे असलेल्यांचं पुढे काय होतं, याचा एक जुना अभ्यास आमचे सर्जन नेहमी सांगायचे. मिशिगन विद्यापीठातल्या १२३ जणांच्या तपासणीत असे गप्प खडे निघाले होते. त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि १९८२ मध्ये ते छापून आलं. पाच वर्षांत शंभरातल्या दहांना दुखणं सुरू झालं, पंधरा वर्षांत अठरांना. त्यात बायका अगदी मोजक्या होत्या हे मला खटकतं, कारण खडे बायकांनाच जास्त होतात. पण नंतरच्या अभ्यासांचा सूरही फार वेगळा नाही: वर्षाला शंभरात एक ते चार. बहुतेकांना आधी साधी कळ येते, म्हणजे इशारा मिळतो. एवढ्यासाठी मी भूल घ्यायची, पोटात चार भोकं पाडून घ्यायची? मुलगी पुण्याहून दर फोनला म्हणते, "आई, काढून टाक, कटकट नको." काढण्यालाही कटकट असते हे तिला दिसत नाही, कारण तिने थिएटर आतून पाहिलेलं नाही.

मी पाहिलंय. नोकरीला लागले तेव्हा बरगडीखाली हातभर छेद घ्यायचे, नळी ठेवायची, पेशंट आठवडा-दीड आठवडा वॉर्डात. खोकला आला की उशी पोटाशी धरून रडायचे बिचारे. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं जर्मनीत एरिक म्यूए यांनी १९८५ मध्ये सुरू केलं आणि आपल्याकडे ते आणलं डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी, १९९० मध्ये, मुंबईत जे. जे. रुग्णालयात. महागड्या खाजगी इस्पितळात नव्हे, सरकारी जे. जे.त, याचं मला आजही फार अप्रूप आहे. आमच्याकडे ती पद्धत आली तेव्हा जुनी माणसं नाकं मुरडत होती. आता पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो. पोटात भरलेल्या वायूमुळे दोन दिवस खांदा दुखतो, त्याला घाबरायचं नसतं.

सोपं झालं म्हणून ते क्षुल्लक झालेलं नाही. हजारात तीन ते पाच जणांच्या मुख्य पित्तनलिकेला इजा होते. आकडा लहान आहे. ज्याला होते त्याचं मात्र वर्ष-दोन वर्षं आयुष्य दवाखान्यात जातं. दुखत असलेल्या माणसाने हा धोका पत्करणं शहाणपणाचं आहे, न दुखणाऱ्याने का पत्करावा? आणि सर्जनला विचारायला लाजू नका: महिन्याला किती करता, आतमध्ये सगळं चिकटलेलं निघालं तर काय करता? "पोट उघडू" किंवा "पिशवीचा थोडा भाग तसाच ठेवून बाहेर येऊ" म्हणणारा सर्जन मला चांगला वाटतो. "मला कधी उघडावं लागत नाही" म्हणणाऱ्यापासून मी पेशंटला दूर न्यायची.

माझं मत कशाने बदलेल, तेही सांगते. खरी कळ आली तर. खडा तीन सेंटिमीटरच्या पुढे गेला, पिशवीच्या भिंतीत चुना साठला किंवा एक सेंटिमीटरहून मोठा कोंब, म्हणजे पॉलिप, दिसला तर, कारण तिथे कर्करोगाचा विचार करावा लागतो. आणि मी गंगाकाठी राहत असते, तर कदाचित. पित्ताशयाचा कर्करोग उत्तर प्रदेश-बिहारच्या त्या पट्ट्यात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पिढ्यान्पिढ्या काशीत राहिलेलं एक मराठी कुटुंब आमच्या ओळखीचं आहे. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या आजींना गप्प खड्यासाठीही काढायचा सल्ला दिला, तर तो मी चुकीचा म्हणणार नाही. तसंच विदर्भात किंवा नंदुरबारकडे एखाद्या पोरसवद्या मुलाला खडे निघाले, तर आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी हवी. तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्या की त्यातून काळे खडे होतात, आणि तिथला निर्णय रक्ताच्या डॉक्टरांना बरोबर घेऊनच करायचा. मधुमेह आहे म्हणून गप्प खडा काढायचा, असं पूर्वी सांगायचे, आता सरसकट सांगत नाहीत.

घाई करणाऱ्यांचा मला राग आहे. "आजच भरती व्हा, पिशवी फुटेल," असं गप्प खडेवाल्याला सांगितलेलं मी ऐकलंय. ब्रिटनमध्ये ४३४ जणांवर एक चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली. त्या सगळ्यांना कळ येत होती, पण सूज किंवा कावीळ वगैरे काही नव्हतं. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या यादीत टाकलं, निम्म्यांना गरजेपुरती औषधं देऊन थांबवलं. दीड वर्षाने दोन्ही गटांच्या दुखण्यात फारसा फरक नव्हता, आणि थांबलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्यालाच तोवर शस्त्रक्रिया लागली. यादीतल्यांपैकीही एक तृतीयांश लोकांची तोवर झालेली नव्हती, हेही ध्यानात ठेवा. तेव्हा साधी कळ असणाऱ्यालाही विचार करायला, दुसरं मत घ्यायला वेळ असतो. इन्शुरन्सची पॉलिसी नवी असेल तर तेही बघून घ्या, बऱ्याच पॉलिसींत खड्यांसाठी सुरुवातीला थांबण्याचा काळ असतो.

थांबायचं नाही ते इथे: थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी आणि शौच पांढुरकं झालं, दुखणं पाच-सहा तासांतही उतरलं नाही किंवा आरपार पाठीत गेलं आणि उलट्या थांबेनात. तर त्याच रात्री इस्पितळ गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. पिशवीला सूज आली तर पूर्वी आम्ही ती शांत व्हायला दीड महिना थांबायचो. आता जमत असेल तिथे पहिल्या काही दिवसांतच काढतात, आणि ते बरं पडतं.

भाऊजींचं व्यवस्थित पार पडलं. मध्यंतरी आले ते तक्रार घेऊनच. "वहिनी, पिशवी गेली तरी ढेकर येतातच की." ते जाणार नाहीत हे मी आधीच सांगितलं होतं, दोनदा. कळ गेली, ढेकर राहिले. नुसत्या ढेकरांसाठी पिशवी काढून घेतलेली माणसंही मी पाहिलीत. त्यांचेही ढेकर तसेच राहिले, आणि ती सर्जनवर चिडलेली असायची.

अजून एक, कारण हे कुणी विचारत नाही. काढलेले खडे छोट्या बाटलीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात. ती बाटली सगळे घरी नेतात, शेजारीपाजारी दाखवतात. पिशवी मात्र लॅबमध्ये तपासायला गेलेली असते, आणि तो रिपोर्ट आठवडाभराने येतो, तोवर टाके सुकलेले असतात. आमच्या वॉर्डाच्या कपाटात असे न नेलेले रिपोर्ट गठ्ठ्याने पडून असायचे. क्वचित कधी त्यात कर्करोग निघतो. तेव्हा तो रिपोर्ट आणायला कोण जाणार, हे भरती व्हायच्या आधीच घरात ठरवा.