रोजचा हात

सोमवार, रात्री

आज काय काढू, हा प्रश्न या वहीपुरता बंद. उत्तर ठरलंय: डावा हात. स्वतःचाच. उजव्या हातात पेन, डावा दिव्याखाली टेबलावर, आणि वीस मिनिटं.

जुन्या वह्या चाळल्या की त्या कुठे बंद पडल्या ते दिसतं. कंटाळ्याने बंद पडलेली एखादीच. बाकीच्या विषय शोधण्यात गेल्या. खिडकी फार सोपी, चेहरा फार अवघड, झाड कालच झालं. अर्धा तास त्यात जातो आणि मग ‘उद्या दोन काढू’. उद्या दोन काढणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. विषय निवडणं हा चित्रकाराच्या कामाचा मोठा भाग असेल, पण सरावाला बसल्यावर करायचं ते काम नव्हे. गाणारा माणूस रियाजाला बसला की आज कुठला स्वर लावू म्हणून घुटमळत नाही, षड्ज लावतो आणि सुरू करतो.

हात या कामाला फारच सोयीचा. मॉडेल फुकट, सदैव हजर, आणि सांगितलेलं बऱ्यापैकी ऐकणारं. शिवाय इतकं अवघड की लवकर संपायची भीती नाही. एका हातात २७ हाडं. अंगठ्याला दोन पेरं, बाकी चौघांना तीन-तीन, आणि प्रत्येक पेर आपापल्या दिशेला तोंड करून बसलेलं.

बुधवार

दमले होते. फक्त मूठ, पाच मिनिटांत. तारीख टाकली, वही मिटली.

गुरुवार

आज एक मजेची गोष्ट हाती लागली. कालपरवाच्या पानांवर मधलं बोट कधी लांब, कधी आखूड येत होतं. प्रमाण चुकतंय म्हणून मी सारखी पेन आडवं धरून मोजत होते. मोजमाप बरोबर होतं. बोट खरंच दोन लांबीचं दिसतं.

हात पालथा ठेवला की मधलं बोट जवळजवळ अर्ध्या हाताएवढं भरतं. उताणा केला की तेच बोट तळहातापेक्षा स्पष्ट आखूड. कारण दोन बोटांमधल्या बेचक्यात आहे. बोट हाताला जिथे जोडलेलं असतं तो सांधा, म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारा उंचवटा, बेचक्याच्या बराच मागे असतो. मागून बघताना डोळा तो उंचवटा धरतो आणि बोट तिथून मोजतो. पुढून तो सांधा तळव्याच्या मांसात बुडालेला, म्हणून बोट बेचक्यापासून सुरू झाल्यासारखं वाटतं. हाड एकच, आरंभ दोन. हे वाचूनही कळलं असतं म्हणा. पण वाचलेलं रेघ ओढायच्या क्षणी आठवत नाही; आता मात्र पालथा हात काढायला घेतला की पेन आपोआप मागे सरकून सुरुवात करतं.

मग इतर गोष्टीही दिसायला लागल्या. उंचवटे सरळ रेषेत नसतात, कमानीत असतात. बोटांच्या मधल्या सांध्यांची आणखी एक कमान, पहिलीपेक्षा जास्त वाकलेली. हात सैल सोडून टेबलावर ठेवला तर चार नखं छताकडे बघतात आणि अंगठ्याचं नख भिंतीकडे. अंगठा वेगळ्याच पातळीत राहतो. तो इतर बोटांच्या रांगेत बसवला की हात लगेच रबरी हातमोजा दिसायला लागतो. नवशिक्यांच्या हातांत काहीतरी बिनसलेलं वाटतं ते बहुतेक वेळा इथेच, आणि आपण उगाच नखांचं शेडिंग सुधारत बसतो.

बोट थेट आपल्याकडे रोखलं की काय होतं ते मात्र अजून सुटलेलं नाही. तिथे पेराची लांबी उरतच नाही, एकामागे एक ठेवलेली वर्तुळं तेवढी उरतात. डोक्याला माहीत असतं की बोट लांब आहे, आणि डोकं हाताला ते सारखं सांगत राहतं. यावर एकच उपाय सापडला. बोट काढायचं नाही, बोटांच्या मधल्या मोकळ्या जागेचे आकार काढायचे. त्या जागांना नाव नाही, त्यामुळे डोक्याकडे त्यांच्याबद्दल मतही नाही.

शनिवार

साहित्याबद्दल. पेन्सिल बाजूला ठेवली आहे, बॉलपेन वापरते. पेन्सिलीवर राग नाही. १७९५ मध्ये निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने ग्रॅफाइटची भुकटी आणि माती मिसळून, भाजून शिशाच्या कांड्या केल्या. माती जास्त तर कांडी कठीण, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. एचबी, २बी, ६बी हा सगळा परिवार त्यातून आला. सुंदर वस्तू आहे. पण पेन्सिलीच्या मागे खोडरबर येतं, आणि रोजच्या वहीत खोडरबर वेळ खातं. बॉलपेनची रेघ हुकली की तिच्या शेजारी दुसरी ओढायची. पहिली तशीच राहते आणि दुसरीला सांगते की इतकं डावीकडे नको. खोडून टाकली असती तर ही माहितीही गेली असती. शिवाय हलक्या हाताने चालवलं तर बॉलपेन चांगला करडा टोनही देतं. लोक त्याला उगाच फक्त सह्यांपुरतं ठेवतात.

कागदाबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. ३०० जीएसएमची (हे कागदाचं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड), कापडी बांधणीची वही सरावाला घेऊच नये. तिचं पहिलं पानच धाक घालतं. साधा ८० जीएसएमचा कागद बरा. पलीकडे रेघा उमटतात, उमटू देत, पानाची एकच बाजू वापरायची. वाया जाण्याला ज्या कागदाची हरकत नाही, त्याच्यावर हात मोकळा सुटतो.

फोटो काढून लोकांना दाखवायचा मोह रोज होतो. दाखवत नाही. दाखवायचं ठरलं की मी जमणारे कोन निवडणार, आणि बोट रोखलेलं पान कधीच येणार नाही.

सोमवार

शुक्रवारचं पान कोरं आहे. सवय लागायला २१ दिवस लागतात आणि एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांना घेऊन केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात माणसागणिक अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरले होते, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. अर्थात तिथली कामं जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, थोडं धावणं अशी होती. फळ खाताना आपल्याला फळ खाता येत नाही असं कुणाला वाटत नाही. चित्राचं तसं नाही, इथे रोज स्वतःची पायरी बघून मग बसावं लागतं. तरी त्यातली एक गोष्ट मी उचलली आहे: ठरलेल्या रोजच्या घटनेला काम जोडायचं. रात्री भांडी आवरून झाली की वही. घड्याळ बघायचं नाही.

कोऱ्या पानावर फक्त तारीख टाकून ते सोडून दिलं. भरपाई म्हणून शनिवारी दोन हात काढले नाहीत.

बुधवार

कुणाकुणाचं वाचत होते. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि सुरुवात केली ती शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या शिकवणीच्या छापील चित्रांवरून नकला करत. एकदा नाही, पुन्हा पुन्हा तीच पानं. हे वाचून बरं वाटलं, नाकारण्यात अर्थ नाही.

पण मला जास्त आवडला जर्मन चित्रकार आडोल्फ मेन्झेल. त्याच्या कोटाला आठ खिसे होते आणि ते स्केचबुकांसाठी होते असं सांगतात. तो दोन्ही हातांनी काढायचा. १८६४ मध्ये त्याने रंगाची वाटी धरलेला स्वतःचा उजवा हात रंगवला, डाव्या हाताने. म्हणजे मला रोज जो हात दिसत नाही, कारण तो कामात असतो, तोही त्याला मॉडेल म्हणून मिळत होता. मत्सर वाटावा अशी सोय. मीही डाव्या हाताने उजवा काढून पाहिला. पेन धरलेली बोटं सोडून बाकी काहीही झालं असेल ते चित्र.

रविवार

डाव्या हाताने जे शिकवायचं त्यातलं सोपं आता शिकवून झालं आहे. पालथा, उताणा, मूठ, कपाचा कान धरलेला, किल्ली धरलेला. पण हात एकटा असतो कधी? बुटाची नाडी बांधताना, कागद फाडताना, एक हात दुसऱ्याला काही देतो, धरतो, अडवतो. मला ते काढायचंय. त्यासाठी आरसा कामाचा नाही, कारण काढणारा हात अडकलेला. फोटोवरून काढून पाहिलं. कॅमेऱ्याजवळचं बोट उगाच फुगतं आणि सावलीतला भाग सपाट काळा होतो, तिथे वळण कुठे आहे ते विचारायला पुन्हा हात समोर नसतो.

तेव्हा दुसरं माणूस लागणार. हा बेत मी बरेच दिवस पुढे ढकलला, कारण मग वही कुणीतरी बघणार. शेवटी आज धाकट्या भावाला विचारलं. तो तयार झाला. फोन हातात असू द्यायचा, पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, आणि हात हलला तर ओरडायचं नाही, या त्याच्या अटी. फोनवर चालणारे दोन अंगठे तीस सेकंदसुद्धा एका जागी राहत नाहीत. म्हणजे उद्यापासून घाईच्या रेघा, पानावर दहा-बारा, अर्धवट. बॉलपेनला नवी रिफिल घालून ठेवली आहे.