चार रकान्यांची वही

वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची. पहिल्या पानावर चार रकाने: अनुक्रमांक, नाव, वेळ, सही. रेघा मी स्वतः पट्टी लावून मारल्यात आणि मारताना मला माझंच कौतुक वाटलं होतं. सतरा वर्षं ग्रामसेविका म्हणून काढली की हाताला खोडच लागते, काही दिसलं की त्याची नोंदवही करायची. ग्रामपंचायतीला ठरवून दिलेल्या नोंदींचे 1 ते 33 नमुने आहेत, ही माझी चौतिसावी.

आठ रविवारांत वहीत पाच नोंदी. पाचही पुरुषांच्या.

गाव पुण्याला चिकटलेलं आहे, नाव सांगत नाही. ओढ्याच्या अलीकडे जुनं गावठाण, पलीकडे सोसायट्या. दोन्हीकडचे लोक एकाच पंचायतीत कर भरतात आणि दोघांनाही वाटतं की आपला पैसा ओढ्याच्या पलीकडे जातो. ग्रामसेवक म्हणजे दाखले देणारी बाई, अशी समजूत आहे. दाखला दहा मिनिटांचं काम. दिवस खातं ते पोर्टल. ई-ग्रामस्वराजवरून पैसे निघायला दोन डिजिटल सह्या लागतात, सरपंचांची आणि माझी. आमच्या सरपंच बाई आहेत आणि त्यांच्या सहीचं डोंगल त्यांच्या मिस्टरांच्या शर्टाच्या खिशात असतं. यावर जास्त लिहीत नाही, मला नोकरी त्याच गावात करायचीय.

पैसा नसतो म्हणून कामं होत नाहीत, हेही पूर्ण खरं नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरल्या कामांनाच, होता, निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेल्या 40 टक्क्यांवर सगळ्या गावाचा डोळा: पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, कमान. कमानीखालून कोणी दिवसातून दोनदा जातो, पण कमानीवर नाव घालता येतं. शौचालयावर नाव घालायला अजून कोणी पुढे आलेलं मी पाहिलं नाही. म्हणून स्वच्छतेचा पैसा पडून राहतो आणि वर्षाअखेरीला वरून फोन येतो, खर्च का नाही?

आमच्याकडे रविवारचा बाजार भरतो. सत्तर-ऐंशी विक्रेते, निम्म्याहून जास्त बाया. पहाटे पाचला टेम्पोतून उतरतात, दुपारी दोनला उठतात. बाजारतळावर शौचालय नाही. पंचायत त्यांच्याकडून पाटीमागे बाजारपट्टी घेते, पावती देते. ही पावती मीच छापून घेते. तीन वर्षं मी त्याच बायांकडून मेथी घेत होते आणि त्या नऊ तास काय करत असतील, हा प्रश्न मला पडला नव्हता. पडला नव्हता म्हणजे पडू दिला नव्हता.

2023 च्या 1 ऑक्टोबरला देशभर ‘एक तारीख, एक तास’ श्रमदान होतं. रविवार होता. सकाळी दहाला सगळे खराटे घेऊन हजर, आदल्या दिवशीच झाडून घेतलेल्या चौकात. फोटो काढले, अपलोड केले, चहा झाला. दुपारी तीनला महिला ग्रामसभा. ती सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते. घंटागाडीच्या भोंग्यावरून दोन दिवस ओरडून सांगितलं होतं. आल्या अकरा जणी. त्यांतल्या चार अंगणवाडी आणि आशाच्या, म्हणजे यायलाच लागणाऱ्या. एक आजी बाजार उरकून रिकामी पाटी घेऊनच आल्या आणि पाटी शेजारच्या खुर्चीवर ठेवून बसल्या. त्या गावातल्याच, वरच्या वाडीच्या. मला भाऊसाहेब म्हणतात. ग्रामसेवकाला इकडे भाऊसाहेबच म्हणतात, खुर्चीत बाई बसली म्हणून त्या शब्द कशाला बदलतील!

मी विषय वाचत होते. सॅनिटरी नॅपकिनचं मशीन, शिलाई प्रशिक्षण. आजी मध्येच म्हणाल्या, “भाऊसाहेब, सकाळी झाडत हुता तवा म्या तितंच बसल्येली. म्या पहाटं निघताना पानी पीत न्हाई. घरला जाईस्तवर थेंब न्हाई. पोरी तर मधी सुट्टी धरत्यात बाजाराला, तसल्या दिवसांत.” मग पाटी उचलून मांडीवर घेतली. “ते मशीन कुटं लावनार? आडोसा तर पायजे का न्हाई आदी?”

मी लिहिलं: बाजारतळावर महिलांसाठी शौचालय व्हावे. अकरा सह्या, त्यांतले तीन अंगठे.

दुसऱ्या दिवशी, गांधी जयंतीला, ग्रामसभा. गणपूर्तीचा, म्हणजे किमान हजेरीचा, नियम बाहेरच्यांना माहीत नसतो: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे ज्याला आपलं काम चारचौघांत उरकायचंय, त्याने पहिल्या सभेला गर्दी होऊ द्यायची नाही. हा खेळ मी इतक्यांदा पाहिलाय की उलटा खेळायला शिकले. पंधरा ऑगस्टला तंटा होऊन राहिलेली, गावातले तंटे मिटवणाऱ्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाची निवड मी विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी टाकली. दोन्ही गट माणसं गोळा करून आले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. हजेरी पुस्तकात 143 सह्या. शिपायाने घरोघर पुस्तक फिरवून आणलेल्या नव्हेत, समोर बसून केलेल्या.

शौचालय हवं, याला एकानेही विरोध केला नाही. भांडण फक्त कुठे, एवढंच. देवळाच्या बाजूला नको. शाळेच्या भिंतीला नको. राहिला बाजारतळाचा सोसायटीकडचा कोपरा, तीन गुंठ्यांचा त्रिकोण. पंचायतीच्या नावावर, पण सोसायटीला तिथे बाकडी आणि झाडं हवी होती. त्यांचे एक काका, निवृत्त अभियंता, दर सभेला फाईल घेऊन येतात. गाव त्यांना वैतागतं. मी नाही, कारण ते एकटेच अंदाजपत्रक वाचून येतात. काका म्हणाले, “मॅडम, आमच्या बाल्कन्या बरोबर तिकडे आहेत. वास, गर्दी, रात्रीचे पिणारे. उद्या दार मोडेल, भांडं फुटेल, तेव्हा तुमची बदली झालेली असेल.”

शेवटचं वाक्य बोचलं, पण खोटं नव्हतं. मोडक्या दाराची किती शौचालयं मी इतर गावांत पाहिलीत!

मग मी जे केलं त्याचा मला अजूनही अभिमान आहे. सभा उचलून जागेवर नेली. शाळेच्या खेळांतून उरलेलं फक्कीचं पोतं शिपायाने आणलं, टेप आणला. मातीवर बारा बाय दहाचा चौकोन आखला, दोन शोषखड्ड्यांची वर्तुळं आखली. काकांनी स्वतः टेपचं टोक धरून सोसायटीच्या भिंतीपासून अंतर मोजलं. दार बाजाराकडे फिरवलं, भिंतीलगत कडुनिंबाची रांग ठरली. फक्कीच्या रेघा दोनदा पुसल्या, तिसऱ्यांदा सगळे गप्प झाले. कागदावरच्या नकाशाला लोक हरकत घेतात. पायाखालच्या रेघेला तेवढी घेत नाहीत.

फक्त एक राहिलं: रात्रीचं काय? काका म्हणाले, कुलूप हवं. गावातल्यांनी माना डोलावल्या. चावी कोणाकडे? समोरच्या चहाच्या टपरीवाल्याने हात वर केला, तो सकाळी पाचपासून असतो. पावणेतीन वाजले होते, तंटामुक्तीवाले घड्याळ बघत होते. मी तिथेच मोटारसायकलच्या सीटवर पुस्तक टेकवून लिहिलं: ‘सदर शौचालयास कुलूप लावून चावी समोरील टपरीचालकाकडे ठेवावी, चावी नेणाऱ्याची नोंद ठेवावी.’ नोंदीचं कोणी मागितलं नव्हतं. ते माझं. सूचक काका, अनुमोदक गावातलेच एक माजी सदस्य, सर्वानुमते मंजूर. गावठाण आणि सोसायटीची नावं एका ठरावाखाली! मी खूश होते. आजी मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

सामुदायिक शौचालयाला स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तीन लाख धरले होते: 2 लाख 10 हजार मिशनचे, 90 हजार वित्त आयोगातून पंचायतीचे. कार्यारंभ आदेश मार्च 2024 मध्ये धावपळ करून काढला. 16 तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली, चार दिवस चुकले असते तर जूनपर्यंत बोंब. बांधकामावर मात्र मी ठेकेदाराला जगू दिलं नाही. तो शोषखड्ड्यांना आतून गुळगुळीत गिलावा करायला निघाला होता. शोषखड्डा म्हणजे पाणी मुरायला हवं, जाळीदार वीटकाम हवं, नाहीतर ती टाकी होते आणि सहा महिन्यांत वर येते. दोन खड्ड्यांच्या मध्ये वाय आकाराचं चेंबर, एका वेळी एकच खड्डा चालू, दुसरा बंद ठेवून खत होऊ द्यायचं. हे त्याला मी चेंबरमध्ये उतरून दाखवलं. झरोका डोक्याच्या वर घ्यायला लावला. आतून कडी भक्कम. आणि दारामागे खुंटी, कारण बाजारकरणीच्या कमरेला पैशांची पिशवी असते, ती ओल्या जमिनीवर ठेवायची कुठे? ठेकेदार हसला होता, “मॅडम, खुंटी एस्टिमेटमध्ये नाही.” मी स्वतःच्या पैशाने आणून दिली. शाखा अभियंता गाडीतून उतरून, टेप लावून एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तक, लिहून गेले. गाडीतून न उतरता लिहिणारेही पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम नमूद करते.

आतल्या कडीचा इतका विचार मी केला होता.

उद्घाटन झालं, नारळ फुटला. त्यानंतर आठवा रविवार. बाजारात मेथी घेताना दाराकडे लक्ष गेलं. कुलपावर धूळ होती. टपरीवर गेले. चावी खिळ्याला टांगलेली, खाली सुतळीला बांधलेली माझी वही. टपरीवाल्याचा दोष नाही, त्याने रेघांनुसार व्यवस्थित लिहून घेतलं होतं. पाच नावं, पाच वेळा, पाच सह्या. टपरीसमोर बाकावर नऊ-दहा पुरुष चहा पीत बसलेले, जसे रोज असतात.

मी आजींच्या पाटीशी जाऊन उकिडवी बसले. “आजी, का वापरत नाही?”

त्यांनी कोथिंबिरीवर पाणी शिंपडणं थांबवलं नाही. “चावी मागाया गेलं की समद्या बाकड्याला कळतंय म्हातारी कुटं निगाली. आन् नाव लिव्हायचं? कशाला, पावती मिळती का?”

शेजारची तरणी बाई फस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावला. पुढे कोणी काही बोललं नाही. मी दहाची जुडी घेतली, वीस दिले आणि उरलेले न घेताच उठले. ते आजींनी शिपायाबरोबर पाठवून दिले.

त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही. फाईल उघडली तर सगळं बरोबर आहे. महिला सभेचा ठराव आहे, गणपूर्ती आहे, तांत्रिक मान्यता, एमबी, अक्षांश-रेखांशासकट फोटो. लेखापरीक्षणात एक आक्षेप निघणार नाही. वहीवर तर तपासणीला आलेले अधिकारी खूश झाले होते, “हे छान केलंत.” दोष काकांना द्यावासा वाटतो, पण काकांनी कुलूप मागितलं, वही नाही. आणि चावीची ओळ लिहिताना आजी माझ्यापासून दहा फुटांवर होत्या.

वही मी काढून आणली. कुलपाचं तसं नाही, तो ग्रामसभेचा ठराव आहे आणि तो ग्रामसभेनेच बदलायला हवा. सध्या रविवारी पहाटे शिपाई कुलूप काढतो, बाजार उठला की लावतो. माझ्या तोंडी सांगण्यावरून, कागद नाही. पहिल्या रविवारी तरी कोणी गेलं नाही. आजींनीच सांगितलं, कुलूप आहे की नाही ते लांबून दिसत नाही, जवळ जाऊन परत यावं लागलं तर तीच शोभा. म्हणून आता दार अर्धं उघडं ठेवून त्याला वीट लावायची. वीट दिसते.

झाडायला बाजारपट्टीतून एका बाईला रोजंदारी द्यायचा विचार आहे. त्यालाही ठराव लागेल.

गेल्या रविवारी काकांनी मोबाईलवर फोटो पाठवला: उघडं दार, वीट, आणि खाली ‘मॅडम, ठरावाचं काय?’ मुद्दा बरोबर आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. 26 जानेवारीच्या सभेची नोटीस तयार करतेय. चावीची दुरुस्ती आठव्या क्रमांकावर घेतलीय, यात्रेच्या हिशोबाच्या आधी. हिशोब झाल्यावर कोणी थांबत नाही. आणि आजींना या वेळी महिला सभेला नाही, ग्रामसभेलाच यायला सांगितलंय, पुढच्या खुर्चीवर. त्या म्हणाल्या, सोमवार असंल तर येती.

26 जानेवारीला रविवार आहे.