कर्णधाराविना खेळलेला अंतिम सामना

सामन्याआधी संघाची यादी पंचांकडे द्यावी लागते. गेल्या मोसमात विभागीय आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी प्रशिक्षक म्हणून मी जी यादी दिली, तिच्यात आमच्या कर्णधाराचे नाव पहिल्या अकरांत नव्हते, राखीव खेळाडूंत होते. तो सामना आम्ही २-१ असा जिंकला. तरीही त्या यादीचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कोल्हापुरात महाविद्यालयाचा फुटबॉल संघ बांधायचा म्हणजे तालमींनी, म्हणजे पेठांतल्या स्थानिक क्लबांनी, लहानपणापासून घडवलेली पोरे जेमतेम पंधरा दिवस एकत्र आणायची. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते. आमच्या सामन्यांना प्राचार्य, शिपाई आणि खेळाडूंचे दहा-वीस मित्र येतात. त्यामुळे पोरांचा जीव तालमीत असतो, याचा मला राग नाही. राग आहे तो वेळापत्रकाचा. महाविद्यालयीन स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकून टाकतात, सकाळी उपांत्यपूर्व आणि दुपारी उपांत्य सामना खेळवतात, आणि त्याच आठवड्यात एखाद्या पोराचा तालमीचा सामना आहे का, हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही.

आमचा कर्णधार हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू होता, तिसऱ्या वर्षाला, पेठेतल्या एका तालमीचा नावाजलेला खेळाडू. त्याचा खेळ उतरला आहे हे प्रेक्षकांना दिसत नव्हते, कारण त्याने ढोबळ चूक एकही केली नव्हती. मधल्या फळीतला चांगला खेळाडू चेंडू पायात येण्याआधी दोनदा मान वळवून मागे पाहतो, शरीर अर्धे उघडे ठेवून चेंडू घेतो आणि पहिल्याच स्पर्शात पुढे वळतो. हा पोरगा ते सहज करायचा. त्या स्पर्धेत मात्र त्याने मान वळवणे जवळजवळ सोडले होते. पाठ प्रतिस्पर्ध्याकडे, नजर चेंडूवर, आणि चेंडू आला की पुन्हा आपल्याच बॅककडे, म्हणजे बचावपटूकडे मागे. मी प्रत्येक सामन्यात वहीत खुणा करतो. पुढे गेलेल्या पासला उभी रेघ, मागे गेलेल्याला आडवी, गमावलेल्या चेंडूला फुली. ही वही म्हणजे माझी अनेक वर्षांची मेहनत आहे आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. उपांत्य सामन्याच्या पानावर त्याच्या नावापुढे उभ्या रेघा चार होत्या आणि फुल्या अकरा.

त्याच्या जागी खेळू शकेल असा पहिल्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे होता. तो गडहिंग्लजचा. त्या गावात फुटबॉल किती रुजला आहे, हे या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. शरीराने किरकोळ, पण सतत मान वळवून पाहणारा. आदल्या रात्री नऊच्या सुमारास मी त्याचे नाव अकरांत लिहिले. कर्णधाराला तेव्हाच फोन करायला हवा होता. त्याची झोप मोडेल, असे कारण मी स्वतःला दिले. खरे तर त्याच्याशी बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

सकाळी सगळे बूट बांधत असताना मी यादी वाचली. अकरावे नाव झाले तेव्हा कोणीच काही बोलले नाही. कर्णधाराने खांद्यावरच्या पिशवीतून दंडपट्टी काढली, तिची घडी केली आणि आमच्या गोलकीपरच्या हातात दिली. मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, बसतो मी. कारण तेवढं सांगा." मी म्हणालो, "आत्ता नको. दुसऱ्या हाफमध्ये बघू."

कबड्डीत बदललेला खेळाडू पुन्हा आत येतो, व्हॉलीबॉलमध्येही एकदा परतता येते. फुटबॉलच्या नियमात बाहेर आलेला खेळाडू त्या सामन्यापुरता संपतो, आणि २०२० पासून मोठ्या स्पर्धांत तीनऐवजी पाच बदल मिळू लागले तरी ही गोष्ट बदललेली नाही. म्हणून प्रत्येक बदल जपून वापरावा लागतो. आमचा दुसरा गोल त्या गडहिंग्लजच्या मुलाच्या पासवर झाला. शेवटची पंधरा मिनिटे उरली तेव्हा कर्णधार उठून उभा होता, अंग गरम करून, माझ्याकडे पाहत. आमच्या डाव्या बॅकच्या पोटरीत गोळा आला होता आणि समोरचा संघ त्याच बाजूने चढत होता. शेवटचा बदल मी बचावासाठी वापरला.

विद्यापीठाच्या संघासाठी खेळाडू पाहणारे सदस्य त्या दिवशी गॅलरीत बसले होते. त्यांना कर्णधार दिसलाच नाही. तिसरे वर्ष म्हणजे त्याच्यासाठी कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाकडून खेळलेला खेळाडू होण्याची शेवटची संधी. गडहिंग्लजच्या मुलाची निवड झाली. प्राचार्यांनी माझ्या धाडसाचे कौतुक केले. सामन्याचे एक मिनिटही न पाहता केलेले ते कौतुक मला आजही टोचते.

आठवड्याने कर्णधार जर्सी परत द्यायला आला. मी त्याला वही दाखवली. त्याने पाने उलटून तारखा पाहिल्या आणि एकेका तारखेवर बोट ठेवत सांगितले की याच्या आदल्या दिवशी तालमीचा सामना होता, याच्याही, आणि या वेळी घोट्याला सूज होती, पट्टी बांधून खेळलो. फुल्या खोट्या आहेत असे तो म्हणाला नाही. एवढेच म्हणाला, "सर, हे आधी दाखवलं असतं तर मीच बसलो असतो."

त्याला बाहेर बसवणे चुकले असे मला अजूनही वाटत नाही. त्या पायांनी तो नव्वद मिनिटे खेळू शकला नसता. पण खेळाडूच्या पायांत किती खेळ उरला आहे हे ओळखणे हेच माझे काम, आणि मी तो थकला आहे हे न ओळखता त्याचा खेळ संपला असे धरून चाललो. 'दुसऱ्या हाफमध्ये बघू' हे तर मी बोलायलाच नको होते.

या वर्षी वहीत मी तालमीच्या सामन्यांचा आणि दुखापतींचा वेगळा रकाना आखला आहे. दर सोमवारी प्रत्येकाला विचारतो. बहुतेक पोरे "काही नाही सर, फिट आहे" एवढेच सांगतात, कारण त्या वहीवरून गेल्या वर्षी काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. रकाना अर्ध्याहून अधिक कोरा आहे.