दाराशी तसाच राहिलेला डबा

बेळगावात टिळकवाडीत आम्ही दोघी एका खोलीत राहतो, ती निपाणीकडची, मी खानापूरची. दुसऱ्या सेमिस्टरला तिनं बोलणंच सोडलं. रात्रभर जागी, सकाळी उठायची नाही, लेक्चर बुडवायची, मेसचा डबा दाराशी तसाच, संध्याकाळी उघडला की आमटीला आंबूस वास. झाडलोट मीच, दुधाचे पैसे मीच, मग एकदा तोंडातून गेलंच, "सगळं आयतं पायजे होय गं तुला?" ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. ते अजून टोचतं मला.

नंतर कळलं, दोन आठवडे मन असंच खचलेलं राहिलं, झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही तर ते डिप्रेशन असू शकतं. आळस नव्हे तो! आणि तोवर माझीपण झोप उडालेली, ती बाथरूममधून यायला जरा उशीर झाला की माझी छाती धडधडायची, पण हे कुणाला सांगायचं तेच कळेना.

शेवटी टेलि-मानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, तिच्या १४४१६ ला फोन लावला, फुकट असतो, चोवीस तास चालू. मग बसनं धारवाडला, डिमहान्स या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायच्या नाहीत.

अजून काही दिवस वाईट जातात. पण काल तीच म्हणाली, "चहा टाकू काय गं?" मी पुस्तक मिटलं आणि आलं शोधायला उठले.