कॅम्परच्या डीबीतला एमसीबी ओळखणं आणि बदलणं

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात उभ्या कॅम्परच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) बंद कपाटातला डीबी, म्हणजे एमसीबी बसवलेला विजेचा डबा, त्याहून बराच जास्त तापतो. मग दुपारी एसी लावला की एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा स्विच) पडतो, आणि रात्री तोच एसी बिनतक्रार चालतो. अशा वेळी बहुतेक जण 16 अँपिअरचा काढून 25 चा बसवतात. हे करू नका. एमसीबी एसीसाठी नसतो, वायरसाठी असतो. आत दीड स्क्वेअर एमएमची वायर असेल तर 25 चा एमसीबी पडायच्या आधी वायरच तापते, आणि कॅम्परमध्ये ती प्लायवूड आणि फोमच्या मागून गेलेली असते.

एमसीबीवर ठरलेला अँपिअर 30 अंशांना धरलेला असतो. डब्यात 60 अंश झाले की 16 चा एमसीबी 13-14 च्या आसपासच दम टाकतो (नेमका तक्ता कंपनीच्या कॅटलॉगमध्ये असतो). त्यावर उपाय म्हणजे डीबीच्या कपाटाला जाळी लावणं, शेजारी शेजारी भरलेल्या एमसीबींमध्ये थोडी जागा सोडणं आणि गिझर व एसी एकत्र न चालवणं. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो. तेवढाच इंडक्शन घेतो. 16 च्या मेनवर दोन्ही लागले की सोळाच्या वर जातं, तापलेल्या डब्यात मेन पडणारच.

खरंच एमसीबी गेलाय का, ते आधी तपासा. सप्लाय बंद करून बाहेर जाणाऱ्या वायरी सोडा, टोकं टेपनं झाका, मग सप्लाय सुरू करून एमसीबी चढवा. तरीही पडला तर एमसीबीच खराब. चढून राहिला, आणि सप्लाय बंद करून वायर जोडल्यावर पुन्हा चढवताच ताडकन पडला तर पुढं शॉर्ट आहे. वीस मिनिटांनी पडतो? क्लॅम्प मीटरनं (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) लोड मोजा. लोड कमी असूनही पडत असेल तर बहुधा टर्मिनल ढिलं आहे, तेच तापून एमसीबीला गरम करतंय. प्लास्टिक पिवळट-तपकिरी दिसलं की समजा. आरसीसीबी (करंट अर्थकडं गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडत असेल तर गोष्ट वेगळी: गळती शोधा, आणि पहिला संशय गिझरच्या कॉइलवर घ्या.

नवा घेताना जुन्यावरचं सगळं जुळवा. ‘सी 16’ मधला सी म्हणजे पाच ते दहा पट करंटला झटक्यात पडणारा. एसीच्या कॉम्प्रेसरला सी लागतो, बी असेल तर कॉम्प्रेसर सुरू होतानाच पडू शकतो. चौकटीतला 6000 हा शॉर्ट तोडण्याची क्षमता अँपिअरमध्ये सांगतो. कॅम्परमध्ये शक्यतो डबल पोलच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) बसवा. ढाब्यावर किंवा लॉजवर जिथं प्लग लावता तिथल्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असू शकतात. मग सिंगल पोल पाडला तरी वायर जिवंत राहते. अमेरिकन मोटारहोमचे व्हिडिओ पाहून खरेदी करू नका. तिकडं 120 व्होल्ट आणि दाबून बसणारे ब्रेकर. आपल्याकडं 230 व्होल्ट आणि एमसीबी अडकवायची 35 मिमीची डीन रेल (धातूची पट्टी).

बदलताना बाहेरचा प्लग प्रत्यक्ष उपसून ठेवा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. मग सोलर पॅनलचा स्विच, मग इन्व्हर्टर, शेवटी बॅटरीचा आयसोलेटर (बॅटरी तोडणारा स्विच) बंद करा. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर उतरायला काही मिनिटं द्या. निऑन टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा. मोबाईलवर फोटो घ्या, वायरींना नंबर लावा. स्क्रू ढिले करा, खालची क्लिप स्क्रूड्रायव्हरनं ओढा, एमसीबी वर उचलला की निघतो.

बसवताना सर्वात जास्त बिघडतं ते इथं: वायर चिमट्यात न जाता त्याच्या मागं जाते, स्क्रू मात्र घट्ट झाल्यासारखा वाटतो. वायर ओढून पाहाच. कॅम्परमधली वायर बारीक तारांची असते, म्हणून टोकाला पिन लग (तारा एकत्र धरणारी धातूची नळी) दाबून घाला. मोकळ्या तारा स्क्रूखाली तुटतात. कॉम्ब पट्टी (एमसीबी एकमेकांना जोडणारी दातेरी तांब्याची पट्टी) असेल तर तिचा दात आणि वायर दोन्ही पकडलेत का पाहा. नंतर आधी रिकाम्या लोडवर चढवा, मग एकेक उपकरण. आरसीसीबीचं टेस्ट बटणही दाबा, पण लक्षात ठेवा, इन्व्हर्टरवर न्यूट्रल चॅसीच्या अर्थला बांधलेला नसेल तर बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो, खऱ्या गळतीला मात्र पडेलच असं नाही. ते इन्व्हर्टरच्या पुस्तिकेप्रमाणे तपासून घ्या.

12 व्होल्टच्या बाजूला घरगुती एमसीबी लावायचाच नाही. घरगुती 230 व्होल्टचा एसी (दिशा बदलणारा) करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथं ठिणगी विझते. बॅटरीच्या डीसीत (एकाच दिशेच्या करंटमध्ये) ती ताणली जात राहते. सोलरवाल्याकडं डीसी एमसीबी मिळतो. त्यावर अधिक-उणे छापलेलं असेल तर तसंच जोडा, उलट जोडला तर सर्किट तोडतानाच जळू शकतो. लिथियम बॅटरीच्या जवळ मात्र त्याच्या भरवशावर राहू नका, तिथं बॅटरीच्या शॉर्ट करंटला पुरेल असा फ्यूजच हवा. लाईट-पंख्याला ब्लेड फ्यूज पुरतो: लाल 10 अँपिअर, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30.

पुणे हायवेवर किंवा अक्कलकोट रोडवर पाचेकशे किलोमीटर झाल्यावर सप्लाय बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळा. हादऱ्यानं पहिले तेच ढिले होतात.